मराठी पानांची मुक्त अक्षरजुळणी : काय मिळवायचे आणि त्यासाठी काय सोडायचे

कोल्हापुरात छपाईची कामे वर्षभर येत असली तरी त्यांचे हंगाम ठरलेले आहेत. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपले की सहकारी संस्थांना सहा महिन्यांच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते, त्यामुळे पतसंस्था, दूध संस्था आणि साखर कारखाने यांचे अहवाल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एकदमच डीटीपीच्या टेबलावर येऊन पडतात. त्याच सुमारास तालीम मंडळांच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिका निघतात, पाठोपाठ दिवाळी अंक येतात, आणि शिवाजी विद्यापीठात सादर होणाऱ्या प्रबंधांना तर हंगाम असा नसतोच. ही सर्व कामे मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणारे, सॉफ्टवेअर आणि मुक्त परवान्याचे फॉन्ट वापरून करता येतात. राजारामपुरीत नवे दुकान थाटणाऱ्याला, एखाद्या संस्थेत अहवालाची जबाबदारी अंगावर आलेल्या कारकुनाला किंवा स्वतःचा प्रबंध स्वतःच जुळवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला सुरुवात कोठून करावी हे कळावे, एवढ्यासाठी हे टिपण आहे.

‘सर्वांत चांगले सॉफ्टवेअर कोणते?’ या प्रश्नाने सुरुवात करू नये, कारण त्याचे उत्तर नाही. प्रत्येक साधन घडवणाऱ्यांनी एखादी सोय मिळवण्यासाठी दुसरी सोडून दिलेली असते, आणि मराठीच्या बाबतीत हा व्यवहार सर्वाधिक जाणवतो तो फॉन्ट हाताळण्यात. अक्षर घडवण्याचे काम फॉन्टने किती करायचे आणि सॉफ्टवेअरने किती, हे वाटप एकदा समजले की पुढची निवड बरीच सोपी होते. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पायरी १ : मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि शुद्ध करावा

आपल्याकडील बहुतेक जुना मजकूर श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव यांसारख्या व्यवस्थांमध्ये टंकित झालेला आहे. त्या काळी संगणकाला देवनागरी कळत नव्हती, म्हणून रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले गेले. अर्धा ‘श’ एका कळीवर, काना दुसऱ्या, रफार तिसऱ्या. असा मजकूर त्या फॉन्टशिवाय उघडला की निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. मुक्त साधनांपैकी कोणतेही साधन या मजकुरावर भरवशाने काम करू शकत नाही, तेव्हा रूपांतरकाने तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक व्यवस्थेत, आणावा. प्रत्येक जुन्या व्यवस्थेचा नकाशा वेगळा असल्याने मूळ फॉन्टचे नेमके नाव माहीत करून घेतल्याशिवाय रूपांतर सुरू करू नये.

रूपांतरानंतर तीन गोष्टी हमखास तपासाव्यात. पहिली म्हणजे ‘दऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘ऱ्हास’ यांतील अर्धा र. तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो : एकात ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरापुढे हलन्त चिन्ह येते, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह येते. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. शोध घेताना मात्र एक सापडतो आणि दुसरा निसटतो. संपूर्ण मजकुरात पहिलाच प्रकार ठेवावा. दुसरी गोष्ट ‘ॲ’ ची. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत स्वतंत्रपणे आले. त्याआधीचा मजकूर ‘अ’ वर चंद्र जोडून लिहिलेला असतो, आणि आजची सॉफ्टवेअर अशी जोडणी चुकीची ठरवून मध्ये टिंबांचे वर्तुळ दाखवू शकतात. ‘ॲडव्होकेट’ हा शब्द लग्नपत्रिकेपासून संचालक मंडळाच्या यादीपर्यंत सर्वत्र येतो, म्हणून हा दोष लगेच डोळ्यांत भरतो. तिसरी गोष्ट ‘अ’ ला काना जोडून केलेला ‘आ’. तेथेही तेच वर्तुळ उमटते. ते वर्तुळ दिसले म्हणून फॉन्ट बदलू नये. दोष मजकुरात आहे आणि सॉफ्टवेअरने तो फक्त उघडा पाडला आहे.

पायरी २ : अक्षर घडवते कोण, हे समजून घ्यावे

युनिकोडमध्ये ‘किंवा’ हा शब्द उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो : आधी क, मग ऱ्हस्व वेलांटी, मग अनुस्वार. कागदावर मात्र वेलांटीची उभी रेघ क च्या आधी येते. ‘सर्वांनी’ मधला र साठवताना व च्या आधी असतो आणि दिसताना व च्या डोक्यावर, तोही काना ओलांडून पुढे, बसतो. हा क्रमबदल आणि जोडाक्षरांची घडण ज्या प्रक्रियेत होते तिला शेपिंग म्हणतात, आणि ती कोणी करावी याविषयी दोन विचार आहेत.

ओपनटाइप या प्रचलित पद्धतीत लिपीचे व्याकरण सॉफ्टवेअरमध्ये असते. वेलांटी कोठे सरकवायची आणि रफार कोणत्या अक्षरावर न्यायचा हे शेपिंग इंजिन ठरवते; अमुक दोन अक्षरांच्या जागी अमुक जोडाक्षर ठेवावे एवढेच फॉन्ट सांगतो. त्यामुळे फॉन्ट करणाऱ्याचे काम हलके होते, पण तोच फॉन्ट दोन इंजिनांत वेगळा दिसण्याचा धोका उरतो. एसआयएल या संस्थेने तयार केलेल्या ग्राफाइट पद्धतीत याच्या उलट सर्व नियम फॉन्टमध्येच लिहिले जातात. ज्या लिपीची सॉफ्टवेअरला गंधवार्ता नाही तीदेखील मग नीट उमटते, परंतु फॉन्ट घडवणे अवघड होते आणि ग्राफाइट समजणारी साधनेही मोजकीच आहेत. व्यवहारात ओपनटाइप जिंकले, याचे एक कारण हार्फबझ हे मुक्त शेपिंग इंजिन आहे. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस हे सर्व आज तेच वापरतात, म्हणून एका ठिकाणी बरोबर दिसणारे जोडाक्षर दुसऱ्या ठिकाणीही बहुधा बरोबरच दिसते. पंधरा वर्षांपूर्वी अशी खात्री देता आली नसती.

याच पायरीवर भाषा आणि लिपी यांतील फरक ध्यानात घ्यावा. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांचे ‘ल’ आणि ‘श’ युनिकोडमध्ये एकच आहेत, पण त्यांची रूपे वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ग्राह्य धरले. अनेक फॉन्टांत मूळ रूप हिंदीचे असते आणि मराठी रूप आत दडलेले असते; मजकुराची भाषा मराठी आहे असे सॉफ्टवेअरला सांगितले तरच ते बाहेर येते. फॉन्ट उत्तम, सॉफ्टवेअर उत्तम आणि तरीही ‘कोल्हापूर’ मधला ल परका वाटतो, याचे कारण बहुतेक वेळा भाषेची नोंद राहून गेलेली असते. काही फॉन्टकारांनी ही कटकट टाळण्यासाठी भाषेगणिक स्वतंत्र फॉन्टच दिले आहेत. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा त्यांतला एक. त्याची हिंदी आणि संस्कृत भावंडे वेगळी मिळतात. यात भाषा नोंदवायची विसरली तरी रूप चुकत नाही. मात्र अहवालात मध्येच हिंदी परिपत्रक आले तर दुसरा फॉन्ट लावावा लागतो. नवख्याने भाषेची नोंद करण्याची सवय लावून घ्यावी हे माझे मत आहे, कारण शब्दतोड आणि शुद्धलेखन तपासणी यांनाही तीच नोंद लागते.

पायरी ३ : चाचणीचे पान तयार करावे

सॉफ्टवेअर निवडण्याआधी एक पानभर मजकूर तयार करून ठेवावा आणि प्रत्येक साधनात, प्रत्येक नव्या फॉन्टसह तोच जुळवून पाहावा. त्यात ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी असावेत; पहिल्यात गुरुजन आहेत आणि दुसऱ्यात स्वयंपाकी, आणि सत्कार समारंभाच्या स्मरणिकेत ही गफलत परवडणारी नसते. त्याशिवाय वाङ्मय, उद्ध्वस्त, पाश्चात्त्य, हृदय, शार्ङ्गधर, पन्हाळ्याच्या, राष्ट्रीयीकृत, ऑक्टोबर, ॲड. हे शब्द घ्यावेत. रफार, मात्रा आणि अनुस्वार एकाच अक्षरावर येतात असा ‘धर्मेंद्र’ सारखा शब्द घ्यावा, कारण वरच्या चिन्हांची टक्कर तेथेच कळते. एका ओळीत देवनागरी अंक, रुपयाचे चिन्ह आणि एखादे इंग्रजी नाव असावे. शेवटी एक लांबलचक परिच्छेद अरुंद स्तंभात लावावा.

पान पडद्यावर पाहून समाधान मानू नये, छापून पाहावे. बारीक आकारात ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक कागदावर टिकतो की नाही, हे पडद्यावर मोठे करून पाहताना कळत नाही.

पायरी ४ : कामाप्रमाणे साधन निवडावे

लिबरऑफिस सर्वांना ओळखीचे वाटते, कारण त्याची मांडणी वर्डसारखी आहे. २०१७ मधील ५.३ आवृत्तीपासून ते सर्व संगणक प्रणालींवर हार्फबझच वापरते, त्यामुळे जोडाक्षरांची चिंता उरलेली नाही. यात नवखा माणूस एका ठिकाणी हमखास अडकतो. लिबरऑफिसमध्ये पाश्चात्त्य लिप्यांसाठी एक फॉन्ट आणि देवनागरीसारख्या संमिश्र लिप्यांसाठी दुसरा फॉन्ट अशी दुहेरी व्यवस्था आहे. शैलीत पाश्चात्त्य लिपीचा फॉन्ट बदलला तरी मराठी मजकूर ढिम्म हलत नाही, कारण मराठीचा फॉन्ट आणि भाषा संमिश्र लिप्यांच्या भागात निवडायची असते. ही रचना किचकट वाटते, पण तिचा लाभही आहे : इंग्रजी नावे आणि मराठी मजकूर यांचे फॉन्ट व आकार एकदा ठरवले की पुढे हाताने काही करावे लागत नाही. लिबरऑफिस जे सोडते ते परिच्छेदाचे सौष्ठव आणि छापखान्याचे रंग. ते चौरंगी, म्हणजे सीएमवायके, पीडीएफ देत नाही. एकरंगी अहवालाला ते पुरेसे आहे. रंगीत मुखपृष्ठ त्यात करू नये.

स्क्रायबस हे पेजमेकर या जुन्या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरच्या वाटेने जाणारे साधन आहे. चौकटी मांडायच्या, त्यांत मजकूर ओतायचा, चित्रे बसवायची. चौरंगी छपाई, रंगांचे प्रोफाइल आणि छापखान्याला हवा तसा पीडीएफ ही त्याची बलस्थाने आहेत. देवनागरीच्या बाबतीत मात्र त्याने फार वाट पाहायला लावली. १.४ मालिकेत जोडाक्षरे मोडत असत; शेपिंगची सोय २०१७ मध्ये १.५.३ या प्रायोगिक आवृत्तीत आली आणि स्थिर स्वरूपात १.६ मध्ये, म्हणजे जानेवारी २०२४ मध्ये, मिळाली. जुन्या अनुभवावरून ‘स्क्रायबसमध्ये मराठी चालत नाही’ असे कोणी सांगितले तर आवृत्ती विचारावी. स्मरणिका, जाहिरातींची पाने, मुखपृष्ठ, पत्रिका यांसाठी मी हेच सुचवेन. शेकडो तळटीपांचा प्रबंध मात्र यात जुळवू नये, कारण पान डोळ्यांसमोर हाताने हलवण्याची मोकळीक देणाऱ्या साधनाला तीनशे पानांची आपोआप फेरजुळणी ही दुय्यम गोष्ट वाटते.

यानंतर टेकचे घराणे येते, आणि येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी स्वतःच्या पुस्तकाची जुळणी पसंत न पडल्याने १९७० च्या दशकाच्या अखेरीस टेक लिहायला घेतले. त्यात पान दिसत नाही. मजकूर आणि आज्ञा साध्या फाइलमध्ये लिहायच्या आणि मग यंत्राकडून पाने तयार करून घ्यायची. त्यांनी पुढे टेकची वाढ जाणूनबुजून थांबवली. आता फक्त दोष दुरुस्त होतात आणि प्रत्येक दुरुस्तीबरोबर आवृत्तीचा आकडा पाय या संख्येकडे एक-एक दशांश सरकतो; २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. या स्थैर्याची किंमत अशी की मूळ टेकला युनिकोड आणि ओपनटाइप कधीच कळले नाहीत. मराठीसाठी त्याच्या वारसांकडेच जावे लागते.

त्यांपैकी झीटेक जोनाथन क्यू यांनी २००४ मध्ये प्रथम मॅकसाठी आणले. संगणकावर असलेला कोणताही फॉन्ट नावाने बोलवावा, लिपी देवनागरी आणि भाषा मराठी असे सांगावे आणि कामाला लागावे, इतके ते सरळ आहे. आज ते आतून हार्फबझच वापरते. दुसरा वारस लुआटेक. त्याच्या कर्त्यांनी शेपिंगसाठी बाहेरच्या तयार इंजिनावर विसंबून न राहता सर्व काही लुआ या छोट्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिण्याची मोकळीक वापरकर्त्याला दिली. अक्षरांच्या प्रत्येक टप्प्यात हस्तक्षेप करण्याची ताकद त्यामुळे मिळाली, परंतु भारतीय लिप्यांचे शेपिंग लुआमध्ये पुन्हा लिहावे लागले, आणि जे काम जगभरातील ब्राउझर रोज पारखून घेतात त्याची बरोबरी करणे सोपे नव्हते. अखेर लुआटेकला हार्फबझ जोडून एक वेगळे इंजिन तयार झाले आणि टेकलाइव्ह या टेकच्या साधनांच्या एकत्रित संचाच्या २०२० च्या आवृत्तीपासून लुआलेटेक, म्हणजे लुआटेकवर चालणारे लेटेक (टेकवर रचलेला तयार आज्ञांचा संच), त्याच इंजिनावर चालते. तरीही फॉन्ट बोलवताना ‘रेंडरर’ या पर्यायात हार्फबझ असे स्पष्ट लिहावे लागते. न लिहिल्यास जुनी लुआ पद्धतच वापरली जाते. एखादे जोडाक्षर झीटेकमध्ये बरोबर आणि लुआलेटेकमध्ये मोडलेले दिसले, तर प्रथम हा पर्याय तपासावा.

दोहोंत निवड कशी करावी? पहिल्या कामासाठी झीटेकवर चालणारे झीलेटेक घ्यावे, कारण त्यात चुकण्याच्या जागा कमी आहेत आणि ते वेगवानही आहे. पुढे दृष्टिहीनांना वाचता येतील अशा रचनायुक्त पीडीएफची गरज भासली, किंवा जुळणीच्या आत शिरून काही करायचे झाले, तर लुआलेटेककडे वळावे. लेटेकचा पुढचा विकास त्याच दिशेने चालला आहे. अक्षरे किंचित रुंद-अरुंद करून ओळ भरण्याची जी सूक्ष्म सोय लुआटेकमध्ये आहे आणि झीटेकमध्ये नाही, तिच्यासाठी मात्र मराठीत साधन बदलू नये. अक्षर ताणले की शिरोरेषेची जोडणी बिघडण्याचा धोका असतो, आणि मिळणारा लाभ नगण्य आहे.

टिप्स्ट हे या क्षेत्रातले नवे नाव. २०२३ मध्ये त्याचा स्रोत खुला झाला. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेले हे साधन टेकप्रमाणेच मजकुरातून पाने तयार करते, पण बदललेला भागच पुन्हा जुळवत असल्याने पान जवळजवळ टंकताक्षणी दिसते आणि काही चुकल्यास त्याचा संदेश माणसाला समजेल अशा भाषेत येतो. टेकलाइव्हची पूर्ण मांडणी काही जीबी जागा घेते, तर टिप्स्ट एका छोट्या फाइलमध्ये मावते. जुन्या संगणकांवर हा मोठा दिलासा आहे. त्यासाठी त्याने जे सोडले ते स्थैर्य. सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये आज्ञा बदलत गेल्या आणि गेल्या वर्षीची फाइल या वर्षी तशीच चालेल याची हमी राहिली नाही. दरवर्षी त्याच साच्यात निघणारा पतसंस्थेचा अहवाल टिप्स्टमध्ये करायचा असेल तर ज्या आवृत्तीत तो केला ती आवृत्तीही सोबत जपून ठेवावी.

पायरी ५ : फॉन्ट निवडावा आणि तो प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच ठेवावा

पुस्तकी मजकुरासाठी शोभिका हा फॉन्ट चांगला आहे. मुंबईच्या आयआयटीत तो तयार झाला, त्यात जोडाक्षरांचा साठा फार मोठा आहे आणि संस्कृत अवतरणांनाही तो कमी पडत नाही. मथळे, तक्ते आणि पत्रिका यांसाठी मुंबईच्या एकटाइपचे मुक्त आणि बालू उपयोगी पडतात. हे फॉन्ट ओएफएल या मुक्त परवान्याखाली मिळतात. त्याचा व्यावहारिक अर्थ असा की ते व्यावसायिक कामात वापरता येतात, पीडीएफमध्ये अंतर्भूत करता येतात, बदलताही येतात. फक्त फॉन्ट तेवढाच स्वतंत्रपणे विकता येत नाही, आणि मूळ कर्त्याने नाव राखीव ठेवले असल्यास बदललेल्या फॉन्टला ते नाव देता येत नाही. त्या फॉन्टात छापलेल्या पुस्तकावर मात्र हा परवाना लागू होत नाही, ही शंका अनेकांना असते म्हणून सांगितले.

फॉन्ट नावाने बोलवायचा की फाइलच्या पत्त्याने, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण छापखान्याच्या दारात सर्वाधिक वाद यातूनच होतात. नावाने बोलवणे सोयीचे असते; परंतु आपल्या संगणकावर आणि शाहूपुरीतल्या दुकानाच्या संगणकावर त्याच नावाच्या दोन वेगळ्या आवृत्त्या असू शकतात. अक्षराची रुंदी केसभर बदलली तरी ओळी सरकतात, ओळींमागोमाग पाने, आणि अनुक्रमणिकेतील आकडे चुकतात. म्हणून फॉन्टच्या फाइली कामाच्या फोल्डरमध्ये ठेवून त्यांचा पत्ता द्यावा. टिप्स्टमध्ये संगणकावरील फॉन्टांकडे दुर्लक्ष करण्याची आज्ञाही आहे, ती वापरावी. एकाच फाइलमध्ये सर्व जाडी सामावणारे व्हेरिएबल फॉन्ट डाउनलोडमध्ये मिळतात; जुळणीची सर्व साधने ते सारख्याच भरवशाने हाताळत नाहीत, तेव्हा त्याच संचातील स्थिर, वेगवेगळ्या जाडीच्या फाइली घ्याव्यात.

फॉन्टमध्ये एखादे अक्षर नसेल तर काय व्हावे, यावरही साधनांचे मतभेद आहेत. लिबरऑफिस गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून ते अक्षर उचलते. वाचकाला अक्षर दिसते, पण पानात उपरे रूप शिरते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. झीटेक तसे करत नाही. तेथे रिकामी चौकट उमटते आणि जुळणीच्या नोंदींच्या फाइलमध्ये, म्हणजे लॉगमध्ये, एक ओळ लिहिली जाते. रुपयाचे चिन्ह नसलेला फॉन्ट ताळेबंदाला लावला तर पहिल्या पद्धतीत पान विद्रूप होते आणि दुसऱ्या पद्धतीत त्या चिन्हाच्या जागी चौकट उरते. मला दुसरी पद्धत अधिक प्रामाणिक वाटते, मात्र लॉग वाचण्याची शिस्त हवी. ती नसेल तर ‘ट्रेसिंगलॉस्टकॅर्स’ या टेकच्या मूल्याला ३ करावे. अक्षर नसल्यास जुळणी तेथेच चूक दाखवून थांबते. टिप्स्टमध्ये पर्यायी फॉन्टांची यादी आपण देऊ शकतो आणि आपोआप होणारी बदली बंदही करू शकतो. मधला मार्ग म्हणून हे उत्तम आहे.

पायरी ६ : ओळींचे अंतर आणि शब्दांची तोड ठरवावी

इंग्रजीसाठी ठरवलेले अंतर मराठीला कधीही पुरत नाही. १२ पॉइंट अक्षराला लेटेक साधारण साडेचौदा पॉइंटांची ओळ देते. देवनागरीत वर रफार-मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार व जोडाक्षरांचे पाय असल्याने वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. १७ ते १८ पॉइंट अंतर ठेवून सुरुवात करावी आणि चाचणीचे पान छापून कमी-जास्त करावे. मजकुरात इंग्रजी नावे असतील तर ती त्याच आकारात मोठी वाटतात. ती पंच्याऐंशी ते नव्वद टक्क्यांवर आणली की ओळ शांत दिसते.

परिच्छेद ओळींत कसा मोडायचा यात टेक आणि टिप्स्ट एका बाजूला, तर लिबरऑफिस आणि स्क्रायबस दुसऱ्या बाजूला आहेत. क्नुथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ मध्ये मांडलेली पद्धत संपूर्ण परिच्छेद एकत्र तोलते. शेवटच्या ओळीसाठी पहिली ओळही बदलते. दुसऱ्या पद्धतीत एकेक ओळ भरत पुढे जायचे असते. टंकताना पान स्थिर राहते, पण शब्दांमधल्या भेगा वाढतात. दोन्ही कडा जुळवलेल्या अरुंद स्तंभात, ‘राष्ट्रीयीकरणाच्या’ सारखा शब्द आला की हा फरक लगेच दिसतो.

झीलेटेक आणि लुआलेटेकला मराठी शब्दतोडीचे नमुने संतोष तोट्टिंगल यांनी तयार केलेल्या संचातून मिळतात. ते शब्दकोशावर बेतलेले नाहीत. अक्षराच्या शेवटी तोडावे, हलन्तापुढे तोडू नये, असे मोजके नियम त्यांत आहेत. त्यामुळे जोडाक्षर कधी फाटत नाही, परंतु शब्दाचे एकच अक्षर ओळीच्या टोकाला एकटे राहू शकते. किमान किती चिन्हे राहावीत हे वाढवून हा दोष कमी करता येतो, मात्र सॉफ्टवेअर येथे युनिकोडची चिन्हे मोजते, आपली अक्षरे नव्हे : ‘स्त्री’ या एका अक्षरात सहा चिन्हे आहेत, तर ‘घर’ या दोन अक्षरांत दोनच. म्हणून आकडा कोणताही दिला तरी तो सर्व शब्दांना सारखा न्याय देत नाही. एकस्तंभी पुस्तकात मी तोड बंदच ठेवतो आणि शब्दांमधील जागेला थोडी अधिक सैल सोडतो. दिवाळी अंकाच्या दुहेरी-तिहेरी स्तंभात ती चालू ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

पायरी ७ : पीडीएफ तपासूनच छापखान्याकडे द्यावा

‘पीडीएफफॉन्ट्स’ नावाचा एक छोटा मुक्त कार्यक्रम पॉपलर या संचाबरोबर मिळतो. तो फाइलमधील प्रत्येक फॉन्टची यादी देतो आणि तो अंतर्भूत आहे की नाही, त्याचा पूर्ण संच घातला आहे की फक्त वापरलेली अक्षरे, आणि त्याला युनिकोडचा नकाशा जोडला आहे का, हे तीन रकान्यांत सांगतो. अंतर्भूत नसलेला एकही फॉन्ट दिसला तर फाइल पुढे पाठवू नये.

छपाईपुरते एवढे पुरे. परंतु अहवाल संकेतस्थळावर जाणार असेल किंवा प्रबंध विद्यापीठाच्या संग्रहात शोधण्याजोगा हवा असेल, तर आणखी एक परीक्षा आहे. पीडीएफमध्ये अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठतात, त्यामुळे मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की वेलांटी क च्या आधी येते आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक शब्दामागे मूळ मजकूर दडवून ठेवणे. झीटेकमध्ये त्यासाठी स्वतंत्र आज्ञा आहे आणि ती मुळात बंद असते, कारण तिच्याने फाइल फुगते. संकेतस्थळासाठीच्या प्रतीत ती चालू करावी. लुआलेटेक हार्फबझसह वापरल्यास गरज असेल तेथे ही नोंद आपोआप होते. चाचणीच्या पानाचा पीडीएफ उघडून ‘आचाऱ्यांना’ हा शब्द शोधावा आणि सापडतो का ते पाहावे. काही छापखाने सर्व अक्षरांचे वळणरेषांत रूपांतर केलेली फाइल मागतात, म्हणजे फॉन्टचा प्रश्नच उद्भवत नाही. तशी प्रत फक्त छपाईसाठी वेगळी काढावी, कारण तिच्यात मजकूर असा काही उरत नाही.

काळा मजकूर केवळ काळ्या शाईत आहे ना, हेही पाहावे. पडद्याच्या रंगांत केलेला काळा प्लेट काढताना चार शायांमध्ये विभागला जाऊ शकतो, आणि मग बारीक अक्षरांच्या कडांना रंगीत छटा दिसते. स्क्रायबसमध्ये रंगांचे वेगळे थर पाहण्याची सोय आहे, तीत हे एका नजरेत कळते.

मोडी दस्तऐवजांवर काम करणाऱ्या अभ्यासकांनाही, आणि संस्थानकालीन दफ्तरामुळे त्यांची संख्या कोल्हापुरात थोडीथोडकी नाही, हाच मार्ग खुला आहे. मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत आली, हार्फबझला ती कळते आणि नोटो या मुक्त फॉन्टसंचात तिचा फॉन्ट आहे. मात्र दफ्तरातील हाताच्या वळणाची जोडणी त्या छापील रूपात मिळत नाही. लिप्यंतर देताना नमुना म्हणून ओळी छापायला ते पुरेसे आहे, मूळ कागदाची प्रतिकृती म्हणून नव्हे.

काम संपल्यावर मजकुराची मूळ फाइल, फॉन्टच्या फाइली, त्यांचा परवाना, चित्रे, अंतिम पीडीएफ आणि ज्या सॉफ्टवेअरच्या ज्या आवृत्तीत काम केले तिचे नाव लिहिलेली एक साधी फाइल, हे सर्व एका फोल्डरमध्ये ठेवून त्याच्या दोन प्रती कराव्यात आणि त्यांतील एक ज्या संस्थेचे काम आहे तिच्याकडे द्यावी. पुढच्या सप्टेंबरमध्ये तोच अहवाल दुसऱ्या माणसाच्या हाती आला तरी त्याला गेल्या वर्षीची पाने पहिल्याच दिवशी जशीच्या तशी उभी करता आली पाहिजेत, आणि ती होतात की नाही हे फोल्डर देण्यापूर्वी दुसऱ्या संगणकावर एकदा करून पाहावे.